दातातली चांदी, कचऱ्यातला पारा

किडलेला दात दुरुस्त करून घरी परतलेला मनुष्य 'दातात चांदी भरून घेतली' असे सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण हेच शब्द वापरत आलो आहोत. ही चांदी कोणी सोनाराकडे नेऊन तपासत नाही. तपासली तर असे आढळेल की, या पदार्थाच्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा पाऱ्याचा असतो आणि उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील व तांबे यांची वाटणी झालेली असते. म्हणजे ज्या धातूच्या नावाने हा पदार्थ ओळखला जातो त्याचा हिस्सा पाऱ्यापेक्षा कमीच. शास्त्रीय परिभाषेत या मिश्रणाला पारदमेल म्हणतात. दंतवैद्य त्याला अ‍ॅमलगम म्हणतात. या दोन्ही नावांत पाऱ्याची ओळख आहे. लोकांच्या तोंडी असलेल्या नावात मात्र ती पुसली गेली आहे.

नावात काय आहे, असे कोणी विचारील. जोवर तो पदार्थ दाढेत घट्ट बसलेला आहे तोवर नावाने फारसे बिघडत नाही. परंतु तो दाढेतून निघाला, बेसिनमध्ये सांडला किंवा उपटलेल्या दाताबरोबर ताटलीत पडला की, त्याचे नाव काय आणि तो कोणत्या वर्गात मोडतो यावरच त्याचे पुढचे सारे भवितव्य ठरते. तो भट्टीत जाणार, गटारात जाणार, भंगारवाल्याकडे जाणार की झाकणबंद बरणीत सुरक्षित राहणार, हे त्याच्यावर लावलेल्या चिठ्ठीवर अवलंबून असते. आणि आपल्या देशात या पदार्थाला लावायची चिठ्ठीच अद्याप नीट लिहिली गेलेली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. ज्यांच्या दाढेत असे भरण आहे त्यांनी हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. पारा इतर धातूंशी एकजीव झाला की, तोंडातल्या उष्णतेला तो फार अल्प प्रमाणात वाफ सोडतो. सुस्थितीत असलेले भरण विनाकारण काढू नये, काढताना उलट अधिक वाफ सुटते, असेच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली सांगितले आहे. त्याच वेळी गर्भवती व स्तनदा माता, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे विकार असलेल्यांनी नवे भरण शक्यतो पाऱ्याचे घेऊ नये, असाही सल्ला त्या प्रशासनाने दिला. तेव्हा आजचा प्रश्न तोंडातल्या भरणाचा नसून तोंडाबाहेर पडलेल्या भरणाचा आहे.

हा कचरा एका स्वरूपात निघत नाही. पारा आणि मिश्रधातूची पूड वेगवेगळी घेऊन खलात घोटण्याची व उरलेला पारा फडक्यातून पिळून काढण्याची पद्धत जुन्या दवाखान्यांत होती. अशा ठिकाणी बाटलीच्या तळाशी शुद्ध पारा पडून असतो. मोजून भरलेल्या कुप्या वापरल्या तरी रिकाम्या कुपीत अंश उरतो. मळलेल्या मिश्रणापैकी जो गोळा दातात भरावा लागलाच नाही, तो रुग्णाच्या स्पर्शावाचून शिल्लक राहतो. दातात भरताना खरवडलेले कण आणि जुने भरण कोरून काढताना उडालेला चुरा लाळेत मिसळतो. रुग्ण चूळ भरून थुंकतो, शोषक नळी काही ओढून घेते आणि हे सारे खुर्चीच्या जाळीत, पंपाच्या गाळणीत किंवा सरळ सांडपाण्यात जाते. शेवटी राहतो उपटलेला दात, ज्याच्या पोटात भरण तसेच शाबूत असते. शुद्ध पारा, अस्पर्शित गोळा, लाळेत भिजलेला चुरा, जाळीतला गाळ, भरणासह दात आणि पाऱ्याने माखलेला कापूस इतकी रूपे एकाच दवाखान्यात एकाच दिवशी निर्माण होऊ शकतात.

आता हा कचरा टाकायचा कोठे? जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम आपल्याकडे १९९८ साली आले आणि २०१६ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या नियमांनी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार रंग ठरवून दिले. रोगजंतूंचा फैलाव रोखण्याच्या दृष्टीने ही योजना उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु या यादीत दातातल्या भरणासाठी स्वतंत्र रकाना नाही. दवाखान्यातली मदतनीस मुलगी मग आपल्या समजुतीप्रमाणे निर्णय घेते. दात हा शरीराचा भाग म्हणून तो पिवळ्या पिशवीत जातो. पिवळ्या पिशवीचा मार्ग मुख्यतः भट्टीचा. नियमाप्रमाणे या भट्टीच्या पहिल्या कक्षाचे तापमान सुमारे ८०० अंश आणि दुसऱ्याचे सुमारे १,०५० अंश सेल्सिअस असावे लागते. पारा ३५७ अंशांना उकळतो. म्हणजे जंतू मारण्यासाठी जो उपाय योजला, तोच उपाय दाढेत वर्षानुवर्षे बांधून ठेवलेला पारा क्षणात मोकळा करून धुराड्यात पाठवतो.

भरण हा धातू आहे, असे मानून कोणी तो निळ्या डब्यात टाकला तर तेथे सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करून पुढे पुनर्वापरासाठी देण्याची रीत आहे. हे द्रावण पारदमेलातील पारा विरघळवू शकते, आणि म्हणूनच अमेरिकेच्या नियमांनी दवाखान्यातल्या नळ्या धुण्यासाठी असली विरंजक द्रव्ये वापरण्यास मनाई केली आहे. लाल पिशवीत टाकावा, तर तेथे उष्ण वाफेचे निर्जंतुकीकरण आहे. साध्या टोपलीत टाकावा, तर तो गावाबाहेरच्या उकिरड्यावर जातो. एकूण, जंतूंच्या दृष्टीने आखलेला प्रत्येक रस्ता पाऱ्याच्या दृष्टीने चुकीच्या मुक्कामी पोचतो. यात मदतनीस मुलीचा दोष नाही आणि बहुधा दंतवैद्याचाही नाही. दोष आहे तो वर्गीकरणाचा.

याचे मूळ कारण असे की, या कचऱ्याला दोन जन्मदाखले आहेत. तो रुग्णाच्या मुखातून आला म्हणून जैववैद्यकीय आहे आणि त्यात पारा आहे म्हणून रासायनिकदृष्ट्या घातक आहे. १९८९ साली झालेल्या बाझल कराराच्या यादीतसुद्धा हे द्वैत स्पष्ट दिसते. त्या यादीत 'वाय १' या क्रमांकाखाली दवाखान्यांतील उपचारांचा कचरा येतो आणि 'वाय २९' या क्रमांकाखाली पारा व त्याची संयुगे येतात. भरणासह उपटलेला एक दात दोन्ही क्रमांकांवर हक्क सांगू शकतो. आपल्याकडे जैववैद्यकीय नियम म्हणतात की, घातक कचऱ्याच्या नियमांत जे येते ते आमच्या कक्षेत नाही. घातक कचऱ्याच्या नियमांची रचना मुख्यतः कारखान्यांसाठी झालेली. तेथे कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यातील पाऱ्याच्या गाळाचा उल्लेख सापडतो, पण दंतवैद्याच्या खुर्चीचा विचार नाही. ज्यांनी कार्यालयात आयुष्य घालवले आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. दोन खात्यांच्या सीमेवरचा कागद दोन्ही खाती एकमेकांकडे पाठवतात आणि अखेरीस तो कोणाच्याच फायलीत सापडत नाही. कागद हरवला तर एखाद्याची बढती अडते. पारा हरवला तर तो नाहीसा होत नाही. तो फक्त दिसेनासा होतो.

'घातक' कशाला म्हणावे हे ठरवण्याच्या जगात निरनिराळ्या रीती आहेत. एक रीत परीक्षेची. कचरा सौम्य आम्लात अठरा तास घुसळावा आणि उतरलेल्या द्रावात प्रतिलिटर ०.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पारा आढळला तर तो घातक मानावा, अशी ही कसोटी अमेरिकेत रूढ झाली आणि आपल्या २०१६ च्या घातक कचरा नियमांतही ती मर्यादा आली. कारखान्यातून टनांनी निघणाऱ्या गाळासाठी ही कसोटी योग्यच आहे. परंतु तालुक्याच्या गावी एका खुर्चीचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टराने मूठभर चुरा घेऊन कोणत्या प्रयोगशाळेचे दार ठोठवावे? ज्या कसोटीचा खर्च कचऱ्याच्या किमतीहून कितीतरी अधिक, ती कसोटी कागदावरच राहणार.

दुसरी रीत वजनाची. महिन्याला १०० किलोपेक्षा कमी घातक कचरा करणाऱ्यांना अमेरिकी कायद्याने बहुतेक बंधनांतून मोकळे ठेवले होते. साहजिकच दंतवैद्यांचे दवाखाने या सवलतीत सुटले. प्रत्येकाचा कचरा थोडा. पण सर्वांचा मिळून सांडपाण्याच्या केंद्रांत जाणारा पारा थोडा नव्हता. अखेर २०१७ साली तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेला दंतवैद्यांच्या सांडपाण्यासाठी स्वतंत्र नियम करावा लागला. पारदमेलाचे कण किमान ९५ टक्के अडवणारे सेपरेटर हे उपकरण बसवण्यासाठी दवाखान्यांना जुलै २०२० पर्यंतची मुदत देण्यात आली. या नियमामुळे वर्षाला सुमारे ५.१ टन पारा सांडपाण्यात जाण्यापासून वाचेल, असा त्या संस्थेचा अंदाज होता. जो कचरा वजनाच्या काट्यावर क्षुल्लक ठरला होता त्याची बेरीज ही अशी निघाली.

तिसरी रीत युरोपाची, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तीच सर्वांत शहाणपणाची आहे. युरोपीय कचरा-यादीत '१८ ०१ १०' असा एक क्रमांक आहे. १८ म्हणजे आरोग्यसेवेतील कचरा, ०१ म्हणजे माणसांवरील उपचारांतला, आणि १० म्हणजे दंतोपचारातील पारदमेल. या क्रमांकापुढे एक तारांकन आहे. तारांकनाचा अर्थ इतकाच की, हा कचरा घातक आहे. त्यासाठी परीक्षा नको, वजन नको, वाद नको. पदार्थ कोठून आला आणि कशाचा बनला हे ठाऊक असेल, तर त्याचे स्वरूप वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही, हे त्यामागचे तत्त्व आहे. खोलीची झडती घेतल्यावाचून सापाला साप म्हणता येते, तसेच हे आहे. याच युरोपीय संघाने २०१९ पासून सेपरेटर अनिवार्य केले आणि १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीयदृष्ट्या अपरिहार्य प्रसंग वगळता, पाऱ्याचे भरणच बंद केले.

आपण ज्या आंतरराष्ट्रीय करारास बांधील आहोत तोही याच दिशेने बोट दाखवतो. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांवाटे माणसांत गेला आणि १९५६ साली त्या व्याधीची अधिकृत नोंद झाली. त्या गावाचे नाव धारण करणारा करार २०१३ साली झाला. भारताने त्याला २०१८ साली अनुमोदन दिले. या करारात पाऱ्याच्या कचऱ्याचे तीन वर्ग पाडले आहेत. पहिल्यात कचरा म्हणजे पाराच. दुसऱ्यात पारा घालून बनवलेल्या वस्तूंचा कचरा. तिसऱ्यात पाऱ्याने दूषित झालेल्या अन्य वस्तू. या तिसऱ्या वर्गासाठी २०२३ साली प्रतिकिलो १५ मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरवण्यात आली. पहिल्या दोहोंना मर्यादाच नाही. हे त्रिविध वर्गीकरण दवाखान्यातल्या खुर्चीला तंतोतंत लागू पडते. बाटलीच्या तळचा पारा पहिल्या वर्गात, शिल्लक गोळा, चुरा व भरणासह दात दुसऱ्या वर्गात, आणि माखलेला कापूस व गाळ तिसऱ्या वर्गात. तिसऱ्या वर्गाची मर्यादा किती सहज ओलांडली जाते तेही पाहण्यासारखे आहे. एका भरणात ४०० मिलिग्रॅम पारा धरला, तर तेवढा पारा सव्वीस किलो कचऱ्याला ती मर्यादा गाठायला लावण्यास पुरेसा आहे.

हा सारा शब्दच्छल आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी दोन घटना नमूद करतो. १९८९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका घरी दातांच्या भरणाचे भंगार वितळवून त्यातली चांदी काढण्याचा उद्योग चालला होता. भट्टी पेटली, चांदी मागे राहिली आणि पारा वाफ होऊन घरभर पसरला. त्या घरातील चौघे प्रौढ मरण पावले. त्यांनी त्या भंगाराकडे चांदी म्हणून पाहिले. ते पारा म्हणून समोर उभे राहिले. दुसरी घटना आपल्याच देशातली. २००१ साली कोडाईकनाल येथील भंगाराच्या वखारीत थर्मामीटरच्या कारखान्यातील फुटक्या काचांचा मोठा साठा सापडला. नाव होते काच-भंगार. आत होता पारा. लोकांनी ते नाव खोडून काढले तेव्हा कारखाना बंद पडला आणि २००३ साली पाऱ्याचा सुमारे २९० टन कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवावा लागला. वस्तू तीच होती. बदलले ते तिचे नाव, आणि नाव बदलताच सर्वांची जबाबदारी बदलली.

यावर काही आक्षेप घेतले जातील, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की, पाऱ्याचे भरण स्वस्त व टिकाऊ आहे. नगरपालिकेच्या दवाखान्यात येणाऱ्या गरीब रुग्णाला त्याचाच आधार होता, त्यावर कडक नियम लादल्यास उपचार महागतील. परंतु येथे भरणावर बंदी घालण्याची मागणी नसून भरणाच्या कचऱ्याला त्याचे खरे नाव देण्याची मागणी आहे. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बरणी आणि तिच्यावर 'पारा - घातक' अशी चिठ्ठी, यासाठी कोणा रुग्णाचे बिल वाढणार नाही. दुसरा आक्षेप असा की, प्रमाण नगण्य आहे. याचे उत्तर अमेरिकेच्या अनुभवाने दिलेच आहे. शिवाय पारा हा काही कुजून मातीत मिसळणारा पदार्थ नव्हे. गाळात गेलेल्या पाऱ्याचे सूक्ष्मजीव मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, तो माशांत साठतो आणि मोठ्या माशांत अधिक साठतो. ज्या किनाऱ्यावर मासळी हे रोजचे अन्न आहे, त्या किनाऱ्याला 'थोडासा पारा' हा शब्दप्रयोग परवडणारा नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे. बरणी भरली, पुढे काय? घातक कचऱ्याची केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा औद्योगिक ठिकाणी आहेत. पावशेर चुऱ्यासाठी तेथून मालमोटार आडगावच्या दवाखान्याच्या दारी येणार नाही, हे उघड आहे. परंतु जैववैद्यकीय कचरा गोळा करणारी गाडी बहुतेक दवाखान्यांच्या दारी येतेच. त्याच गाडीत पाऱ्यासाठी एक वेगळा, कुलूपबंद डबा ठेवून वर्षातून एकदोन वेळा ही बरणी उचलावी, आणि जिल्ह्याचा साठा एकत्र करून घातक कचऱ्याच्या केंद्राकडे अथवा पारा परत मिळवणाऱ्या अधिकृत कारखान्याकडे पाठवावा, यात अशक्य असे काही नाही. मात्र त्यासाठी आधी नियमात एक ओळ असावी लागते. ती ओळ नसेल तर गाडीवाल्याने ती बरणी उचलण्यास नकार दिला, तरी त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून शासनाकडे मागणे थोडके आहे. दंतोपचारातून निघणारा पाऱ्याचा प्रत्येक अंश, मग तो शुद्ध असो, मिश्र असो वा दातासकट असो, परीक्षेवाचून व वजनावाचून घातक पारदकचरा मानावा. जैववैद्यकीय नियमांच्या यादीत त्याला स्वतःचा रकाना द्यावा, आणि त्या रकान्यातच भट्टी नको, उष्ण वाफ नको, हायपोक्लोराइट नको, असे स्पष्ट लिहावे. भरण असलेला दात पिवळ्या पिशवीत टाकू नये, हे प्रत्येक दंतमहाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवावे. ज्या महाविद्यालयांत व मोठ्या रुग्णालयांत खुर्च्यांच्या रांगा आहेत तेथे तरी सेपरेटर अनिवार्य करावेत. आणि हे सारे ज्यांच्या हातून होणार त्या मदतनीस व सफाई कामगारांना मराठीत लिहिलेली सूचना द्यावी. इंग्रजी परिपत्रक डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात राहते. बरणी मात्र दुसऱ्याच कोणाच्या हातात असते.

आता पाऱ्याचे भरणच बंद होत आहे, मग ही उठाठेव कशाला, असेही कोणी म्हणेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे मिनामाता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०३४ पर्यंत दातातील पाऱ्याचे भरण संपवण्याचे ठरवले, हे खरे आहे आणि स्वागतार्हही आहे. परंतु बंदी नव्या भरणावर येते. जुने भरण त्या तारखेला दाढेतून अदृश्य होत नाही. चांगले बसलेले भरण वीस-पंचवीस वर्षे टिकू शकते. जे भरण २०३३ साली कोणाच्या दाढेत बसेल, ते कदाचित २०५५ साली कोरून काढले जाईल. त्या वेळच्या तरुण दंतवैद्याने पाऱ्याचे भरण स्वतःच्या हाताने कधी केलेलेही नसेल. तेव्हा हा करडा चुरा म्हणजे काय, हे त्याला अनुभवाने कळणार नाही. ते त्याला नियमाने आणि चिठ्ठीनेच कळावे लागेल. वापर थांबल्यावर व्याख्येची गरज संपत नाही, उलट वाढते.

आपल्या रसशास्त्राने पाऱ्याला औषधात स्थान दिले, परंतु शोधनाचे संस्कार केल्यावाचून त्याला हात लावू नये असा दंडकही घातला. पाऱ्याची योग्यता आणि पाऱ्याचे भय या दोहोंची जाणीव त्या दंडकामागे होती. आज आपण योग्यतेचा उपयोग करून घेतला आणि भय मात्र 'चांदी' या गोड नावाआड झाकून ठेवले. दवाखान्यातून बाहेर पडताना रुग्णाने आपल्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: 'जुने भरण काढलेत, ते कोठे ठेवलेत?' डॉक्टरांनी जर बरणी दाखवली, तर त्यांना मनापासून धन्यवाद द्यावेत. आणि उत्तर देताना ते घोटाळले, तर तो घोटाळा त्यांच्या एकट्याचा नसून ज्या नियमपुस्तकाने त्या बरणीला अजून नाव दिले नाही त्या पुस्तकाचाही आहे, हे ध्यानी ठेवून ते पुस्तक बदलण्याचा आग्रह आपण सर्वांनी धरला पाहिजे.